पट्टी काढून दिलेला सिगार

संथधूर

मंडळी, तीन वर्षं न उघडता ठेवलेली पंचविसांची एक पेटी मागच्या महिन्यात उघडली. वरच्या थरातला सिगार उचलला आणि बोटाला काहीतरी खरखरलं. उजेडात धरून पाहिलं तर रॅपरवर, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पानावर, टाचणीने टोचल्यासारखी तीन भोकं. पांढऱ्या कागदावर हलकेच आपटला, तशी तपकिरी भुकटी पडली आणि त्या भुकटीतून दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा चालत बाहेर आला. तंबाखूची कीड, शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने. अंडी पानासोबतच येतात, थंडाव्यात निपचित पडून राहतात आणि पेटीतली उष्णता बराच काळ २५ अंशांच्या वर राहिली की फुटतात. अळी आतून पान पोखरते आणि भुंगेरा भोक पाडून बाहेर येतो. चौदा सिगार गेले, अकरा वाचले.

नुकसानीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. ही पेटी मी 'खास दिवसासाठी' म्हणून ठेवली होती. तीन वर्षांत असे दिवस आले नाहीत असं मुळीच नाही. मुलीला पहिली नोकरी लागली, कॉलेजचा मित्र दहा वर्षांनी भेटला. दर वेळी या पेटीवर हात ठेवला आणि शेवटी बाजूच्या पेटीतला सिगार काढला. तो मित्र आता पुन्हा परदेशी आहे.

वाचलेले अकरा आधी फ्रीझरमध्ये ठेवले, मग आठवडाभर ह्युमिडॉरमध्ये (ठराविक ओलावा राखणाऱ्या लाकडी पेटीत) विसावू दिले आणि चार मित्रांना बोलावलं. देण्याआधी सिगारवरच्या नावाच्या कागदी पट्ट्या काढल्या. नाव वाचलं की माणूस झुरका घेण्याआधीच मत बनवून बसतो, ते मला नको होतं. पाऊण तासाने एक जण थांबला आणि म्हणाला, "सुरुवातीचा तो मिरीसारखा तिखटपणा कुठे गेला रे?" आणि आम्ही पाचही जण आपापल्या हातातल्या सिगारकडे पाहायला लागलो. इतक्या वर्षांत एकट्याने ओढताना ही गोष्ट मला कधी एवढी स्पष्ट जाणवली नव्हती.

तर सांगा, तुम्ही तुमचे चांगले सिगार कोणाला देता, कसे देता? आणि पट्टी न बघता ओढायची एक बैठक आपण जमवूया का? माझ्याकडे सहा उरलेत. सगळे रोबुस्तो, म्हणजे आखूड आणि जाड आकाराचे. देश कोणता ते मुद्दाम सांगत नाही.

सीडरपेटी

वाचून पोटात कालवलं. बैठकीला मी येणार.

उरलेल्या सिगारसाठी आणि इतर वाचकांसाठी किडीचं सविस्तर लिहितो, कारण अर्धवट उपाय केला तर ती परत येते. भोकवाले सिगार ताबडतोब वेगळे काढा. बाकीचे दुहेरी, हवाबंद पिशवीत घालून एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि त्यानंतरच बाहेर काढा. थेट फ्रीझरमधून बाहेर काढलेत तर रॅपर तडकतो. आतलं पान आणि बाहेरचं पान वेगवेगळ्या वेगाने फुगतं, त्याचा हा परिणाम. दरम्यान ह्युमिडॉर पूर्ण रिकामा करून कोपरे, फटी, ट्रेच्या खालची बाजू कोरड्या ब्रशने साफ करा. साबण नको, वास लाकडात बसतो.

आणि मूळ कारण उष्णता आहे. लोक आर्द्रतेच्या मागे लागतात आणि तापमानाकडे पाहतही नाहीत. १८ ते २१ अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळायच्या. मी स्वतः ६५ वर ठेवतो. ७० च्या वर सिगार फुगतो, ओढ घट्ट होते आणि एका बाजूने जळत जातो.

संथधूर

तापमानाचं पटलं. माझा हायग्रोमीटरही (आर्द्रता मोजणारं यंत्र) खोटं सांगत होता, ते नंतर कळलं. ७० दाखवायचा, प्रत्यक्षात ७६ होतं.

सीडरपेटी

मिठाची चाचणी करत जा दर सहा महिन्यांनी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. ओल्या वाळूइतकंच भिजलं पाहिजे, विरघळता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर एकाच पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. संपृक्त मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा निसर्गाचा नियम आहे. सकाळी तुमचं यंत्र ६९ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात सहा मिळवायचे.

नवा ह्युमिडॉर घेतलेल्यांनी घाई करू नये. आतलं स्पॅनिश सीडरचं लाकूड कोरडं असतं, ते आधी तुमच्या सिगारमधलं पाणी पितं. ८४ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटं ठेवून दोन आठवडे रिकामा बंद ठेवा, मग भरा. (नावात सीडर असलं तरी ते झाड महोगनीच्या कुळातलं आहे, सेद्रेला ओदोराता. वास घेतलात की फरक लगेच कळतो.)

नवशिका

धागा वाचनखूण केलाय. एक प्रश्न विचारू का? मी आत्तापर्यंत दोनच सिगार ओढलेत. दुसऱ्या वेळी घाम फुटला, मळमळलं, अर्ध्यावर टाकावा लागला. मी धूर छातीत घेतला नव्हता, तरी असं का झालं? माझ्यासाठी हा छंद नाहीच का?

पानवेडी

नवशिका, तुझं काही चुकलेलं नाही, फक्त वेग चुकला.

सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातलं निकोटिन अंगात जायला धूर छातीत ओढावा लागतो. सिगारचं पान महिनोन्‌महिने मुरवलेलं असतं आणि त्याचा धूर अल्कधर्मी असतो, म्हणून निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. छातीत न घेताही तुला चक्कर आली ती त्यामुळेच. रिकाम्या पोटी ओढला होतास का? आणि झुरके किती वेळाने घेत होतास? मिनिटाला एक, त्याहून जास्त नाही. मी सुरुवातीला दोन झुरक्यांच्या मध्ये सिगार राखपात्रावर ठेवून द्यायचे, हातात धरायचेच नाही, कारण हातात असला की तोंडाकडे जातो. मळमळायला लागलं तर लगेच थांब, साखर चघळ, पाणी पी, मोकळ्या हवेत बस. उरलेला सिगार टाकून द्यायला अजिबात संकोच करू नकोस.

घाईने ओढलेला सिगार तापतो आणि कडवट होतो. मग लोक म्हणतात सिगार वाईट होता. पेटवतानाही तेच. ज्योत सिगारला टेकवायची नाही, टोकाच्या जरा खाली धरायची आणि सिगार गोल फिरवत आधी फक्त कडा शेकायची. कड काळी पडून तिच्यावर बारीक केशरी रेघ उमटली की मग तोंडात घेऊन हलका झुरका. फुंकर मारून पाहा, सगळं वर्तुळ सारखं लाल दिसलं पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर तेवढीच पुन्हा शेक. ब्युटेनचा लायटर किंवा सीडरची काडी वापर. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या पाऊण इंचात बसतो.

कापताना टोपीच्या (तोंडात धरायच्या बंद टोकावर चिकटवलेल्या पानाच्या) वरचा फक्त पातळ तुकडा उडव. टोपी जिथे संपते तिथे बारीक रेघ दिसते, तिच्या खाली पातं गेलं की रॅपर सुटायला लागतो. आणि पुढच्या वेळी सौम्य काहीतरी घे. कनेटिकट शेड रॅपर, फिकट सोनेरी रंगाचा. त्याचं पान कापडी तंबूंच्या सावलीत वाढवतात. १९०० च्या आसपास कनेटिकट नदीच्या खोऱ्यात ही पद्धत सुरू झाली. ऊन थेट लागत नाही म्हणून पान पातळ राहतं, शिरा बारीक राहतात.

नवशिका

रिकाम्या पोटीच होता. आणि गप्पांच्या नादात धडाधड ओढला. खूप आभार ताई.

राखेचा खांब

पानवेडींच्या उत्तरात थोडी भर. रॅपरचा रंग बघून ताकद ठरवू नये. गडद मादुरो पान जास्त काळ, जास्त उष्णतेत मुरवलेलं असतं. त्याने गोडवा येतो, ताकद येतेच असं नाही. ताकद ठरते ती आतल्या पानांनी. रोपाच्या अगदी खालचं पान वोलादो, ते चांगलं जळतं आणि चवीला हलकं असतं. मधलं सेको, त्यात सुगंध. वरचं लिखेरो, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, दमदार. लिखेरो सावकाश जळतं म्हणून सिगार वळणारा ते बरोबर मधोमध ठेवतो. बाजूला ठेवलं तर सिगार वाकडा जळतो.

आकाराबद्दलही सांगतो, कारण दुकानातले आकडे कोणी समजावत नाही. रिंग गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. ५० रिंग म्हणजे ५०/६४ इंच, सुमारे २० मिलिमीटर जाडी. रोबुस्तो साधारण ५ इंच आणि ५० रिंग. लान्सेरो ३८ रिंगचा, लांब आणि सडपातळ. जाड सिगारमध्ये फिलर, म्हणजे आत भरलेली पानं, जास्त, म्हणून मिश्रण जास्त कळतं. बारीक सिगारमध्ये रॅपरचा वाटा मोठा.

बैठकीबद्दल: मी नक्की येतो. पण आधीच सांगून ठेवतो, क्युबाचा सिगार मी डोळे मिटून ओळखीन. वुएल्ता आबाहोच्या लाल मातीची चव दुसरीकडे सापडत नाही. पिनार देल रिओ प्रांतातला तो एवढासा पट्टा, आणि एकाच देशात रॅपर, बाइंडर (फिलर बांधून ठेवणारं पान), फिलर तिन्ही पिकतात. हे भाग्य फार थोड्या देशांना लाभलं.

पानवेडी

मातीबद्दल पूर्ण मान्य, पण 'दुसरीकडे नाही' याला माझा ठाम विरोध. १९६० मध्ये क्युबात सिगारचे कारखाने सरकारजमा झाले. अनेक जाणती कुटुंबं देश सोडून गेली आणि बियाणं आणि हातातलं कसब घेऊन डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे रुजली. म्हणूनच आज मोन्तेक्रिस्तो, पार्तागास, रोमेओ ई हुलिएता ही नावं दोन-दोन देशांत दिसतात, एक क्युबाचा, एक डॉमिनिकन. नवशिका, हे लक्षात ठेव. नाव तेच, सिगार पूर्ण वेगळा.

निकाराग्वाचं तर एस्तेलीचं पान वेगळं, हालापाचं वेगळं. एस्तेलीची काळी जड माती, पान तिखट. हालापा मऊ आणि गोडसर. ओमेतेपे हे तर तळ्यातलं ज्वालामुखींचं बेट. हे सगळं एका सिगारमध्ये एकत्र येतं तेव्हा मला क्युबाची उणीव मुळीच जाणवत नाही.

राखेचा खांब

बैठकीत बघू. मी चिठ्ठीवर लिहून देईन.

चिकित्सक

या गोष्टी मला जिव्हाळ्याच्या आहेत, म्हणूनच एक लिहितो, कोणी रागावू नका. छातीत धूर घेत नाही म्हणजे सुरक्षित आहे, हा समज आपल्या छंदात फार खोल रुजलाय आणि तो खोटा आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांचा कर्करोग न गिळलेल्या, छातीत न घेतलेल्या धुरानेही होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. शेजारी बसणाऱ्यालाही तो धूर लागतोच. माझा महिन्याला एक, तोही उघड्यावर, घरातल्या कोणाच्या जवळ नाही. ज्यांना तलफ यायला लागली आहे त्यांनी तो दिवसाचा नेम मोडावा, एवढं कळकळीने सांगतो. जो आधीच ओढत नाही त्याला आग्रह करून सिगार देऊ नये. सिगार देणं म्हणजे काय, असा या धाग्याचा प्रश्न आहे ना, त्यातलंच हे.

बैठकीला येतो. एका संध्याकाळी एकच सिगार ठेवा, अशी विनंती.

संथधूर

चिकित्सक, राग कसला? तुमचं म्हणणं नियम म्हणून घेतो. दोन संध्याकाळी, तीन आठवड्यांच्या अंतराने. पहिल्या दिवशी सिगार 'अ', दुसऱ्या दिवशी 'ब'. दोन्ही रोबुस्तो, म्हणजे आकारावरून अंदाज बांधता येणार नाही. प्रत्येकाने तीन वेळा लिहायचं: पहिल्या तिसऱ्या भागात काय वाटलं, मधल्यात काय, शेवटच्यात काय. तोपर्यंत एकमेकांना सांगायचं नाही. 'अ' माझ्या उरलेल्या सहांतले. 'ब' पानवेडी आणतील, मलाही न सांगता.

पानवेडी

पट्ट्या काढण्याचं काम जिकिरीचं आहे. डिंक पट्टीच्या पुढे रॅपरला लागलेला असतो. नेहमी आपण अर्धा ओढून झाल्यावर उष्णतेने डिंक सैल झाला की काढतो. थंड सिगारवरून काढताना ओढू नका. पट्टीच्या जोडाखाली नख सरकवून फक्त जोड उघडायचा. माझ्या 'ब' च्या सहांतला एक माझ्याकडून फाटला. सफरचंदातल्या पेक्टिनचा एक थेंब लावून दुसऱ्या सिगारच्या रॅपरचा तुकडा चिकटवला. वळणारेही असाच वनस्पतीचा डिंक वापरतात. दोन दिवसांनी जोड दिसतही नव्हता.

नवशिका

'अ' च्या दिवशी माझी रात्रपाळी आहे. वाईट वाटतंय. 'ब' ला मात्र नक्की. चिठ्ठीवर चुकीचं लिहिलं तर चालेल ना?

सीडरपेटी

चालेल म्हणजे काय, तेच हवंय.

संथधूर

दोन्ही संध्याकाळी पार पडल्या. वृत्तांत लांबलाय, सांभाळून घ्या.

'अ' ला पाच जण. सुरुवातीला कोणी बोलत नव्हतं. सगळे लिहिण्याच्या धास्तीने ओढत होते. दहा-पंधरा मिनिटांनी सीडरपेटींचा एका बाजूने खोलगट जळायला लागला, त्यांनी फक्त ती मागे राहिलेली कड लायटरने हळूच शेकली आणि वर्तुळ सरळ झालं. त्यावरून बोलणं सुरू झालं. चिकित्सकांची राख जवळजवळ दीड इंच टिकली. राख पडू नये म्हणून ते मान न हलवता बोलत होते. घट्ट आणि लांब राख आतलं पान अखंड असल्याची खूण. तुकडे भरलेला सिगार अशी राख धरत नाही.

चिठ्ठ्या शेवटी चिकित्सकांनी मोठ्याने वाचल्या. पानवेडी म्हणाल्या, हे अगदी सिगारच्या कारखान्यातल्यासारखं झालं. हवानात १८६५ पासून कारखान्यात वाचक बसवायची प्रथा आहे. कामगार पानं वळत असतात आणि एक जण उंच आसनावरून वर्तमानपत्र, कादंबरी वाचून दाखवतो. त्याचा पगार एके काळी कामगारच आपल्या मजुरीतून द्यायचे. आमच्या वाचकाला पगार नव्हता, पण आवाज चांगला होता.

'अ' बद्दल बहुतेकांनी सौम्य, गवतासारखा, मध्ये सीडर आणि शेवटी कोको असं लिहिलं. राखेचा खांब यांनी लिहिलं, "सुरेख, पण बहुधा डॉमिनिकन." 'ब' ला सहा जण होतो. त्यावर त्यांची चिठ्ठी: "हाच. पहिल्या झुरक्यापासून माती, चामडं, लांबवर टिकणारी चव. पिनार देल रिओ."

'अ' क्युबाचा होता. 'ब' पूर्ण निकाराग्वाचा, हालापाचा रॅपर.

राखेचा खांब

मी इथे आधी जे ठामपणे लिहिलं होतं ते मागे घेतो. घरी येऊन बराच विचार केला. मी क्युबाचा सिगार नेहमी ताजा ओढलाय, पेटी हाती आल्यावर महिन्याभरात. संथधूर यांचा तीन वर्षं मुरलेला होता. मुरताना अमोनिया निघून जातो, तिखटपणा बसतो आणि चव गोलसर होते. मी ज्याला 'क्युबाची चव' म्हणत होतो त्यात ताजेपणाचा उग्रपणाही होता. हे मला पट्टी असती तर आयुष्यभर कळलं नसतं. पानवेडी, तुमचे मनापासून आभार. त्या 'ब' चं नाव मला हवंय.

पानवेडी

नाव व्यक्तिगत संदेशात पाठवते. आणि तुम्ही 'ब' ला 'हाच' म्हणालात, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. तुमच्या आवडीवर शंका कधीच नव्हती.

नवशिका

माझी 'ब' ची चिठ्ठी चिकित्सकांनी वाचली तेव्हा मला फार संकोच वाटला होता. मी फक्त एवढंच लिहिलं होतं: "पहिला भाग तिखट. मधला, पावसाने भिजलेल्या लाकडासारखा. शेवटी मला थांबावंसं वाटलं आणि मी थांबलो." ताईंनी सांगितल्याप्रमाणे मिनिटाला एक झुरका, जेवून आलो होतो. चक्कर आली नाही.

चिकित्सक

सगळ्या चिठ्ठ्यांत मला तीच सर्वांत आवडली. शेवटच्या ओळीसाठी.

संथधूर

नवशिका, त्या पेटीत एक उरलाय. 'अ' च्या दिवशी तू नव्हतास म्हणून तुझ्या वाट्याचा तसाच ठेवलाय. ६५ टक्के, १९ अंश, आणि भोक एकही नाही, काल उजेडात फिरवून पाहिलं. या रविवारी पाळी कोणती आहे तेवढं कळव.